दादा आणि रिकामं गाव

दादाला लढाईत पदक मिळाल्याची बातमी पोस्टमनने आणली, पण आमच्या घरी पोचेपर्यंत ती वाटेतल्या सगळ्या घरांत सांगून झाली होती. तो खळ्यात शिरला तेव्हा त्याच्यामागून अर्धी वाडी येत होती. आई भात वारवत होती. हातातलं सूप तसंच धरून तिने विचारलं, "जितो आसा मां?"

"जितो आसा म्हणानच बोलवून पदक देतत गो," पोस्टमन म्हणाला.

आईने सूप खाली ठेवलं आणि मग रडली. पदक म्हणजे काय ते तिला तेव्हाही कळलं नव्हतं आणि नंतरही तिने ते कळून घेतलं नाही.

आमचे वडील गलबतावर तांडेल होते. मी रांगत असताना ते गेले. दादा माझ्याहून बराच मोठा. मिसरूड फुटल्या फुटल्या तो पलटणीत भरती झाला आणि काही वर्षांनी विमानातून छत्री घेऊन उड्या मारणाऱ्यांत गेला. हे ऐकून आईने कपाळाला हात लावला. लहानपणी तो फणसावरून पडला म्हणून तिने त्याला फोकाने बडवलं होतं, आणि आता सरकार त्याला पडण्याचा पगार देत होतं. पासष्टच्या लढाईत त्या पलटणीतले थोडे जवान निवडून शत्रूच्या हद्दीत आत पाठवले होते, त्यांत दादा होता. तिथे त्याने काय केलं ते आम्हाला धड माहीत नव्हतं. मशीनगन चालू असताना सरपटत जाऊन त्याने ती बंद पाडली, एवढं छापून आलं होतं. गावाला तेवढं पुरलं.

लढाईनंतरच्या वर्षी, कार्तिक सरता सरता, दादा लांब रजेवर घरी आला. शाळेच्या मुलांनी लेझीम खेळली, देवळात नारळ दिला, भाषण कर म्हणून त्याला उभा केला. "बरां वाटलां," एवढं बोलून तो खाली बसला. मी त्याला म्हटलं, "विमानातसून उडी मारतंस आणि चार शब्द बोलाक भियेतंस?" तो हसला. हसणं पहिल्यासारखंच होतं.

त्याची नोकरीची मुदत येत्या उन्हाळ्यात संपणार होती. मुदत वाढवून घ्यायची की घरी यायचं, हे त्याने ठरवायचं होतं, आणि त्याने ते ठरवलं होतं. आल्या दिवशीच जेवताना तो आईला म्हणाला, "आये, आता पुरे. उन्हाळ्यात येतंय तो कायमचो." आईने दुसऱ्या दिवशी साऱ्या वाडीत साखर वाटली. मीही मनातल्या मनात वाटली, कारण माझं लग्न आईपायी अडलं होतं. तिला एकटीला टाकून मी कुठे जाणार? दादा घरी आला म्हणजे सगळंच मार्गी लागणार होतं. तो पाट उपसायचा, परसातल्या गवताच्या मांगरावरचे नळे परतायचा, आई त्याच्यासाठी मुली हेरत फिरायची. त्या महिन्याभरात मी आईला गुणगुणताना ऐकलं, तसं आधी कधी ऐकलं नव्हतं.

मग गावपळण आली.

आचऱ्याकडच्या आमच्या काही गावांत ही रीत आहे. बाहेरच्या माणसांना सांगितली की ती माझ्याकडे संशयाने बघायला लागतात. काही वर्षांनी एकदा देवाला कौल लावायचा, म्हणजे ओल्या पाकळ्या देवाच्या अंगाला चिकटवून विचारायचं. उजवी पाकळी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. होकार आला की सगळ्या गावाने तीन दिवस, तीन रात्री घरदार सोडून शिवेबाहेर राहायला जायचं. सगळ्या म्हणजे माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्रीसुद्धा. ते दिवस गाव देवाचा आणि त्याच्या न दिसणाऱ्या लोकांचा. दारं नुसती ओढून घ्यायची. चोरायला आत जाण्याची छाती कोणाची आहे? चौथ्या दिवशी पुन्हा कौल लावायचा आणि देव हो म्हणाला की परतायचं.

बाहेरच्यांना वाटतं आम्ही भिऊन पळतो. खरं सांगायचं तर आम्हाला गावपळण म्हणजे मोठी मौज. उघड्यावर चुली, फुगड्या, भजनं, कोंबडीचा रस्सा, आणि सुनांना सासूच्या चुलीपासून सुटका. आधीची गावपळण दादाची पलटणीत चुकली होती. म्हणून कौल झाल्याबरोबर मी धावत त्याला सांगायला गेले. तो माडाच्या आळ्यात माती ओढत होता. त्याने खोरं थांबवलं.

"सगळी जातत? म्हातारी माणसांय?"

"तीय."

"जी चलाक शकनत नाय ती?"

"तेंका डोलयेत घालून नेतत. इसारलंस काय रे सगळां?"

"आणि कोण चुकान मागे रवलां तर?"

"कोण रवतलां, मेल्या? भुतां खातली तेका," मी म्हटलं आणि पळाले. मला कोंबड्या धरायच्या होत्या.

निघायच्या दिवशी दादा वाडीतल्या घराघरांत फिरत होता. "सगळी इली? कोण रवला नाय मां?" लोकांना हसू येई. "सुभेदारानू, हजेरी झाली?" असं कोणी म्हणालं की तोही हसल्यासारखं करी. शेजारचा म्हातारा वर्षभर अंथरुणावर होता. डोली यायला उशीर झाला, तर दादाने त्याला पाठुंगळी मारला आणि पार शिवेपलीकडच्या सड्यावर नेऊन ठेवला. म्हातारा वाटभर शिव्या देत होता. त्याला डोलीचा मान हवा होता.

आमच्या गावची शीव म्हणजे एक व्हाळ, लहानसा ओढा. त्याच्या अलीकडच्या, गावाच्या काठाला देऊळ, तिथवर फक्त कौलापुरतं यायला मुभा, आणि पलीकडे सडा, म्हणजे कातळाचं उघडं माळरान. सड्यावर आम्ही झावळ्यांच्या झोपड्या घातल्या. पहिला दिवस गाण्या-खाण्यात गेला. दादा मात्र व्हाळाच्या काठावर गावाकडे तोंड करून बसलेला असे. मुली बघायला निघालेला नवरा लाजतोय, असं बायका म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी कोणाची तरी म्हैस दावं तोडून व्हाळात उतरली. म्हशीचा धनी तिला वळवायला धावला आणि बोंबलत परत आला. गावात माणूस आहे, या घरातून निघतो आणि त्या घरात शिरतो, असं तो सांगू लागला. आधी सगळ्यांच्या अंगावर काटा आला. मग कोणीतरी विचारलं की अंगात काय होतं, आणि तो म्हणाला, खाकी सदरा.

आई आणि मी धावत व्हाळावर गेलो. आई पाण्यात उतरायला निघाली तर मानकऱ्यांनी तिला अडवलं. मानकरी म्हणजे गावाच्या वतीने देवाशी बोलणारे म्हातारे गृहस्थ. आमचे दूरचे काका लागत. त्यांचा शब्द गावात खाली पडत नसे. सगळं गाव काठावर जमलं. बऱ्याच वेळाने दादा पाणंदीतून आला. सदऱ्याला जळमटं, गुडघ्यांना शेण, आणि चेहरा असा मोकळा झालेला की मला बरंच वाटलं. व्हाळ ओलांडून तो आईला म्हणाला, "कोण नाय गो. एक एक घर बघलंय. कोण रवला नाय."

पोरांनी त्याला डोक्यावर घ्यायचंच बाकी ठेवलं. पदकवाला भुतांना भीत नाही, रिकाम्या गावात एकटा फिरून आला, अशी एकच आरोळी. गावाने त्याचा तोच अर्थ लावला. आईनेही लावला. मानकरी एवढंच म्हणाले, "पराक्रम दाखवची ही जागा न्हय, बाबा." आईने मात्र चारचौघांत त्याला झाडलं. "पदक गावला म्हणान देवाक भिवडावतंस?" दादा सदऱ्यावरची जळमटं झाडत राहिला.

चौथ्या दिवशी कौल लावला. डावी पाकळी पडली.

त्याच्या दुसऱ्या दिवशीही डावीच.

मौज कुठल्या कुठे गेली. तांदूळ संपत आले. पहाटेच्या दंवाने पोरं खोकू लागली, झापांखाली कोंबड्या मरगळल्या, शेजारच्या म्हाताऱ्याला ताप भरला. आता सगळ्यांचे डोळे आमच्या झोपडीकडे वळले. पाण्यावर गेले की बायका बाजूला सरकून जागा देत. ती जागा मायेची नव्हती. एकीने ऐकू जाईल अशा बेताने म्हटलं, "एकाच्या मिजाशीपायी गावान मरायचां?" मग मी माझा तोंडाचा पट्टा सोडला आणि आईला मला ओढून न्यावं लागलं.

तिसऱ्यांदा कौल लावायच्या आधी मानकऱ्यांनी दादाला देवळात बोलावलं. मंडपात आणि अंगणात सगळं गाव उभं होतं. ते रागावलेले नव्हते, थकलेले होते. "देवासमोर सांग. गावात कित्याक गेल्लंस?"

दादा साहेबापुढे उभा राहावा तसा उभा राहिला. सुरुवातीला बोललाही तसाच, शुद्ध पुस्तकी मराठीत. शत्रूचा एक गाव होता, गाव लढाईच्या आधी रिकामा झाला होता, आत फक्त शिपाई आहेत अशी खबर होती. कडेच्या घरात मशीनगन होती, ती बंद केली. मग बाकीची घरं साफ करायची होती. दार ढकलून आत जाणारा पहिला माणूस मरतो, म्हणून आधी आत हातगोळा टाकायचा आणि मग जायचं.

 पुढचं तो मालवणीत बोलला.

"एका घरात म्हातारी होती. खाटल्यार. तिका चलाक येय नसतला. उशाशी पाण्याचा भांडा होता, फडक्यात बांधलेल्यो भाकऱ्यो होत्यो. कोणतरी ठेवन गेलला. परत येतलंव म्हणान ठेवन गेलला." मग म्हणाला, "माका सांगल्यानी होता, गाव रिकामो आसा. म्हणान मी बघूक गेलंय. आमचो गाव खरोच रिकामो आसा काय तां."

 आई माझ्या शेजारी उभी होती. तिने माझा हात धरला नाही की पदर तोंडाला लावला नाही, नुसती त्याच्याकडे बघत राहिली. मी मात्र रडले. रडताना मला एकच दिसत होतं, तो माडाच्या आळ्यात उभा आहे आणि मी हसत पळते आहे.

मानकरी देवाकडे वळले. मग त्यांनी हात जोडले आणि गाऱ्हाणं घातलं. गाऱ्हाणं म्हणजे गावाचं म्हणणं देवापुढे मोठ्याने मांडायचं आणि प्रत्येक मागण्याला सगळ्यांनी एका आवाजात होकार भरायचा.

"बा देवा म्हाराजा, ह्या तुझ्या लेकरान तुझी रीत मोडल्यान, ती चूक पायाखाली घे."

"व्हय म्हाराजा!" गाव म्हणालं.

"आणि परमुलखात जी कोण म्हातारी खाटल्यार रवली, तिचा नाव आमका ठावक नाय, गाव ठावक नाय. तिचो देव खयचो तोय आमका ठावक नाय, पण तुझी तेची वळख आसतली. तिका बऱ्या जाग्यार ठेव म्हणान तेका सांग."

या वेळी होकार आला नाही. लोक एकमेकांकडे बघू लागले. वर्षापूर्वीच ज्यांच्याशी लढाई झाली, त्यांच्यातली ती बाई. आमच्याच तालुक्यातले दोघे त्या लढाईत गेले होते. मानकरी वाट बघत उभे राहिले.

"व्हय म्हाराजा," आई म्हणाली. एकटीच.  मग मी म्हटलं, मग डोलीतून आणलेल्या शेजारच्या म्हाताऱ्याने झोपल्या जागेवरून म्हटलं, आणि मग सगळं गाव म्हणालं.

कौल उजवा पडला. देवाने दिला की ओल्या पाकळीला तेव्हाच सुटायचं होतं, ते मी ठरवत नाही. मला त्या दिवशी वाटलं, सुटलो. माझा दादा सुटला.

गावपळणीहून परतणं म्हणजे आमच्याकडे दिवाळीच. गुरं आपापले गोठे ओळखून धावतात, पोरं पुढे पळत दारं ढकलतात, घराघरांतून एकाच वेळी धूर निघतो. आईने दार उघडलं, चूल पेटवली, खिडक्या उघडल्या. तिला किती बोलू नि किती नको असं झालं होतं. आतूनच तिने हाक मारली, "ये रे झिला, पेज घालतंय."

दादा खळ्यात उभा होता. ओझी त्याने पडवीच्या पायरीवर ठेवली होती, पण पायरी चढला नव्हता. आई बाहेर आली.

"माका येवक जमाचा नाय," तो म्हणाला.

"अरे, देवान कौल दिलो. गावान तुका माफ केल्यान."

"तां खरां. पण ती ह्या गावची नाय गो." मग त्याने आमच्या उघड्या दाराकडे बघितलं. "तेंचो गावय असोच परतलो आसतलो. भाकऱ्यो ठेवन गेल्लो तो तिचो झील आसतलो. तेणा असाच दार उघडल्यान आसतलां."

आई दारातच उभी राहिली.  त्या रात्री दादा मांगरात निजला. चार दिवसांनी, रजा उरलेली असतानाच, तो निघाला, आणि उन्हाळ्यात त्याने मुदत वाढवून घेतली. मला त्याचा फार राग आला. आजही येतो. हजार कोसांवरच्या परक्या बाईसाठी स्वतःच्या आईला टाकली, असं मी तेव्हा म्हणत असे. ते खरं नव्हतं हे मला माहीत होतं, पण राग यायचा थांबला नाही.

टाकली तर त्याने नव्हतीच. तो दर वर्षी रजेवर येई, पण शिरोड्याला, मावशीकडे. तिकडच्या दारातून तो बिनदिक्कत आत-बाहेर करी, मावशीच्या चुलीपुढे बसून जेवी. मग आई उकडे तांदूळ, कुळथाचं पीठ, खाजं असं गाठोडं बांधून एस्टीने आपल्या मुलाला भेटायला बहिणीच्या घरी जायची. निघताना दर वेळी त्याला विचारायची, "येतंस?" तो म्हणायचा, "बघूया." परत आली की मला सांगायची, "बारीक झालो," किंवा "बरो आसा." माझं लग्न शेवटी वरच्या वाडीतच झालं, म्हणजे मला तिच्याकडे रोज जाता येई. आई एकटीच राहिली.

आईची साठी सरत आली त्या थंडीत तिच्या छातीत कफ धरला. दादा शिरोड्याला होता. आई या वेळी आली नाही म्हणून तोच निघून आला, खळ्यापर्यंत. तुळशीच्या कट्ट्यावर बसला. आईचं खाटलं माजघरात होतं, तिथून दारातून तो दिसायचा. मी म्हटलं, खाटलं पडवीत घेऊया, म्हणजे दोघांना बोलता येईल.

"मी भायर येवचंय नाय," आई म्हणाली. "हां माझा घर आसा. तेका येवचां तर तो येतलो."

दोघांचं सगळं बोलणं माझ्याकडून चालायचं. "जेवलो काय, इचार." "औषध घेतल्यान काय गो?" मी आत-बाहेर करून दमले आणि दोघांवरही खेकसले. एकाच हट्टाची ती दोघं. एकदा दादा उठून पडवीत आला, चौकटीला हात लावून उभा राहिला. त्याचा श्वास मला आतून ऐकू येत होता. मग तो मागे फिरला. आईने ते बघितलं. "रवांदे," ती मला म्हणाली, "उगाच पिडू नको तेका." त्यानंतर तिने हट्ट धरला नाही, पण तोवर ती हलवण्यासारखी राहिली नव्हती.

ती सकाळी गेली. मी बाहेर येऊन त्याला सांगितलं, तेव्हा त्याने मान हलवली, जणू मी काही निरोपच आणला होता. वाडी जमली, खळ्यात बांबू आले. मानकरी काठी टेकत आले. घरातून आईला उचलायची ती मुलानेच, दुसरं कोणी नाही. त्यांनी दादाच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "चल बाबा."

आमचं दार ठेंगणं आहे. दादा वाकून घरात आला आणि आईला उचलून बाहेर घेऊन गेला.